निळी तीट

जुईच्या पाठीवर पुन्हा पित्ताच्या गांधी उठल्या. शलाकाने औषधाचा चमचा भरला आणि सवयीने आधी लेकीच्या गालावरची तीट पाहिली. ती निळी झाली होती.

दवाखान्यातून आणलेली ही तीट अंगात ॲलर्जीचं औषध पुरेसं असलं, तरच निळी व्हायची. पण शलाकाने तर सकाळपासून काहीच दिलं नव्हतं.

"बघत काय बसलीस? पाज की," सासूबाई म्हणाल्या. "तीट दृष्ट लागू नये म्हणून लावतात. तिला विचारून कुणी औषध देतं का?"

"आई, तुम्ही हिला काही दिलंत?"

"आमसुलाचं पाणी चोळलं. आणि नाक गळत होतं म्हणून मघाशी सर्दीचं सिरप. त्याने काय होतंय?"

शलाकाने सिरपाची बाटली उचलून वाचली. सर्दीच्या सिरपातही हेच औषध होतं. तिने चमचा मोरीत ओतला आणि डॉक्टरांना फोन लावला.

"दुसरा डोस दिला नाहीत, हे फार चांगलं केलंत," डॉक्टर म्हणाले. "आता श्वासावर आणि गुंगीवर लक्ष ठेवा."

तिने लेकीवरची नजर हटवली नाही. संध्याकाळी गांधी विरल्या, तीट काळी झाली आणि जुई आजीच्या चष्म्याला झोंबू लागली.

"उगाच भित्री म्हणत होते तुला," चष्मा सोडवत सासूबाईंनी आपला गाल पुढे केला. "माझ्याही गोळ्यांचा घोळ होतो गं. मलाही लाव एक."