निर्जळी

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सिस्टरने आजींना बजावलं, "उद्या सकाळी उपास हं!" आजींची कळी खुलली. उपास म्हणजे त्यांचा हातखंडा. सकाळी सिस्टर येऊन बघते तर चार केळी, पेलाभर दूध आणि मूठभर खजूर फस्त करून आजी तोंड पुसत बसलेल्या.

"अहो आजी, उपास सांगितला होता ना!"

"मग? धान्याचा कण नाही घातला तोंडात!"

पित्ताच्या खड्यांचा मुक्काम एका दिवसाने वाढला. भुलीच्या डॉक्टरांनी आजींच्या देखत सिस्टरची खरडपट्टी काढली. "उपाशी" म्हणायचं सोडून ती "उपास" म्हणून बसली होती.

दुपारी ती पुन्हा खाटेशी आली. "आजी, उद्या निर्जळी. पाण्याचा थेंबसुद्धा नाही."

"असं फोड करून सांगावं गं! कोणासाठी धरायची?"

सिस्टरने आवाज खाली आणला. "भुलीच्या डॉक्टरांसाठी. फार कडक दैवत आहे. चहाचा घोट पोटात गेला तरी कोपतं."

आजींनी निर्जळी अगदी कडकडीत पाळली. ऑपरेशन झकास झालं. त्या शुद्धीवर आल्या तेव्हा सिस्टर नाडी बघत होती आणि भुलीचे डॉक्टर वाकून विचारत होते, "आजी, कसं वाटतंय?"

आजींनी सलाइनच्या नळीसकट हात जोडले.

"पावलात ना? मग एकच मागणं आहे. काल माझ्यापायी या पोरीवर कोपलात, आता तिच्याकडे बघून जरा हसा बघू!"