कोंडिबाचे शब्द

अवतरण चिन्हांनी पुन्हा कागद फाडला.

छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्या पिराजीनं प्रूफ दाराच्या उजेडात धरलं. ओळीच्या सुरुवातीला चिन्हांच्या जागी दोन भोकं पडली होती. पुण्याहून मागवलेले या चिन्हांचे नवे शिशाचे खिळे बाकीच्या टाइपापेक्षा किंचित उंच निघाले होते. जुन्या चिन्हांचे तर नुसते ठिपके उमटत. दुष्काळ पडल्यापासून साप्ताहिकात दौरे आणि भाषणंच छापली जात होती, त्यात ती पार झिजून गेली होती.

"जाऊ दे पिराजी," संपादक उत्तरेश्वरअण्णा म्हणाले. "चिन्हं काढ आणि लाव मशीनवर. उद्या बाजार आहे, अंक गेला पाहिजे."

"चिन्हं काढली तर ते आपलंच बोलणं वाटंल, अण्णा."

"वाटू दे की."

"न्हाय अण्णा. मेलेल्या माणसाचं बोलणं हाय."

तेरजवळच्या पाझर तलावाचं काम एका मजूर सोसायटीकडं होतं. तिथं दरड कोसळून कोंडिबा नावाचा मजूर खाली सापडला आणि दवाखान्यात वारला. दरडीला आधीच भेग पडली होती, तरी मुकादमानं माणसं खाली उतरवली, असं लोक बोलत होते. मजुरांनी टिकाव खाली टाकले होते. तहसीलमधून चौकशी येणार होती.

सकाळी सोसायटीचे चेअरमन स्वतः छापखान्यात आले होते. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली.

"जळकोटकडचा होता," ते म्हणाले. "कामावर त्याच दिवशी आलेला. ओळखीचं कुणी नाही. शेवटी मी उशाशी होतो. मला बोलला तो."

त्यांनी सांगितलं ते अण्णांनी उतरून घेतलं.

तेच पिराजीनं जुळवलं होतं. कोंडिबा म्हणाला, "भेग मला दिसली होती. मुकादम नको म्हणत होते, मीच ऐकलं नाही. माझ्यापायी गोरगरिबांचं काम बंद पाडू नका."

जुळवताना पिराजीचा हात थबकला होता. त्याचा बाप विहीर खणताना गेला. मरताना तो काय बोलला, हे घरात कुणाला कधी कळलं नाही. आई मरेपर्यंत तेच विचारत राहिली. इथं निदान एका माणसाचं बोलणं राहिलं होतं. आजवर या चिन्हांमध्ये पुढारी बोलले, साहेब बोलले. मजूर पहिल्यांदाच बोलत होता.

त्यानं नव्या खिळ्यांची बुडं कानशीनं घासून पाहिली. खिळे तिरपे झाले. मथळ्याच्या टाइपातली चिन्हं लावून पाहिली, तर ओळ फुगली आणि शेजारची अक्षरं डुलायला लागली. अण्णा येरझाऱ्या घालत होते.

मग त्यानं बारीक टाइपाचा खण ओढला. त्यातले स्वल्पविराम उचलले, दोन-दोन शेजारी ठेवले, खाली शिशाची पट्टी दिली. ते ओळीत वर चढले. सुरुवातीला उलटे लावले, शेवटी सुलटे. जुळवलेल्या ओळींचा फर्मा आवळला, शाई फिरवली, कागद दाबला.

चिन्हं स्वच्छ उमटली.

अण्णांनी प्रूफ वाचलं. "आता कसा माणूस बोलतोय!" ते म्हणाले.

अंक बाजारात गेला. हॉटेलात कुणीतरी मोठ्यानं वाचला, बाकीच्यांनी ऐकला. तलावावर मुकादमानं मजुरांना गोळा करून वाचून दाखवला. मेलेलाच तसं म्हणतोय म्हटल्यावर कोण काय बोलणार? टिकाव पुन्हा चालू झाले. चौकशीला आलेले साहेब अंकाची घडी बॅगेत घालून परत गेले.

पुढच्या आठवड्यात एक बाई छापखान्याच्या पायरीशी येऊन उभी राहिली. पायांवर धूळ, डोक्यावरचा पदर दातांत धरलेला.

"कोंडिबाचं छापलंय, त्ये हितंच का?" तिनं विचारलं. "म्या त्यांची बायकू. कस्तुरा."

पिराजीनं तिला आत बसवलं, माठातलं पाणी दिलं. अंक काढून तिच्या मांडीवर पसरला.

"मला वाचाय येत न्हाय, दादा. आमी दवाखान्यात पोचलो तवा त्येंच्यावर चादर घातली व्हती. काय छापलंय, सांगा."

पिराजीनं सावकाश वाचलं. वाचून झाल्यावर बाई कागदावर बोट फिरवत राहिली. बोट ओळीच्या सुरुवातीला येऊन थांबलं.

"ह्ये बारीक बारीक काय हाय?"

"ती खूण असती, ताई. त्या खुणांच्या मधलं सगळं त्येंच्या तोंडचं. जसं बोलले तसं. आमी एक अक्षर इकडचं तिकडं केलं न्हाय."

कस्तुरानं वर पाहिलं.

"तोंडचं कसं आसंल, दादा?" ती म्हणाली. "त्ये जल्मापासनं मुकं व्हते."