उलटी स्लाईड

एकदा मनावर घेतलं की वनमाला मागं हटायची नाही. स्लाईड भिंतीवर दाखवायचा जुना प्रोजेक्टर कधीच जळालेला. मग तिनं मोबाईलच्या पांढऱ्या उजेडावर स्लाईड ठेवली, वरून कॅमेऱ्यानं फोटो घेतला आणि टीव्हीवर लावला. आजी दिसली, मान एका कडेला वळवून बघणारी. वनमालाचे वडील रामकिसनअण्णा पाळण्यात असतानाच त्यांची ही आई गेली. मागं राहिली ती त्यांच्या मामांनी काढलेली एवढी एकच स्लाईड.

"अण्णा, नथ उजव्या नाकपुडीत हाय बघा. तुमच्या मामांनी जल्मभर स्लाईड उलटीच लावली."

"आसंल. तशीच राहू दे."

"कावून? पोराबाळांसाठी चुकीची पणजी ठिवू का?"

तिनं स्लाईड पालथी केली आणि पुन्हा फोटो घेतला. नथ डाव्या नाकपुडीत आली.

अण्णा उठले आणि खुर्ची उचलून चालू लागले. रागावले वाटतं, म्हणून वनमाला मागं धावली, तर ते टीव्हीच्या दुसऱ्या अंगाला खुर्ची मांडत होते.

"मामा भिंतीवर दाखवायचे, तवा मी त्या अंगाला बसायचो," ते म्हणाले. "आता आई हिकडं बघायली."