फवारणीचे कपडे

एलोइसाने नवऱ्याचा शर्ट नाकाशी धरला. साबणाचा वास. तोही घरातल्या साबणाचा नाही.

फर्मीन सफरचंदाच्या बागेत फवारणीला जायचा. नऊ वर्षं तो संध्याकाळी घरी आला, की घामाचा आणि औषधाचा उग्र दर्प आधी आत यायचा. गेले दोन महिने मात्र तो अंघोळ करून, भांग पाडून, धुतलेल्या शर्टात यायचा. कामाचे कपडे टोपलीत दिसतच नव्हते. विचारलं तर म्हणायचा, "तुला पाचवा महिना चाललाय. तू कपड्यांचं बघू नकोस." एवढी काळजी त्याला आजवर कधी वाटली होती?

शेजारची चायो तर रोजच टोमणा मारायची. "माझाही नवरा त्याच बागेत जातो, बाई. तो वळणावर असतानाच वासावरून कळतं. तुझा मात्र लग्नाला निघाल्यासारखा येतो!"

पण एलोइसाला जास्त टोचत होती ती नायेली. दहा वर्षांची पोर. स्वतःचे मोजे उचलायलाही तिला चारदा सांगावं लागायचं. आता दर शनिवारी ती बापाबरोबर निघायची आणि दुपारी परत यायची. तिच्याही हातांना तोच साबणाचा वास.

"कुठं गेला होतात?"

"असंच."

"कोण होतं बरोबर?"

"कुणी नाही गं." आणि मान खाली.

म्हणजे पोरीलाही फितवलं होतं. कुण्या दुसऱ्या बाईच्या घरी नेऊन बसवत असेल. एलोइसाला रात्रभर डोळा लागला नाही.

त्या शनिवारी ती चायोच्या गाडीत बसून त्यांच्या मागोमाग गेली. फर्मीनचा पिकअप गावाच्या टोकाला, मशीनच्या लॉन्ड्रीसमोर थांबला.

"मी गाडीतच बसते," चायो म्हणाली. "भांडण पेटलं तर हाक मार."

एलोइसाने दार ढकललं. आत बाई कुणी नव्हती. हातात रबरी मोजे घातलेला फर्मीन एका काळ्या पिशवीतले कपडे मशीनमध्ये ओतत होता. तिला बघताच तो ओरडला, "जवळ येऊ नकोस! तिथंच थांब!"

"का? काय लपवतोयस?"

नायेली पलीकडच्या बाकावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. ती घाबरून उभी राहिली.

"आई, पप्पांना नको ना रागावू. ते फवारणीचे कपडे आहेत. त्यातलं विष आपल्या कपड्यांना लागतं. पप्पा मलाही त्यांना हात लावू देत नाहीत. मी फक्त बटणं दाबते आणि धुतलेल्यांच्या घड्या घालते. आधी हे वेगळे धुवायचे, दोनदा. मग मशीन एकदा रिकामं फिरवायचं. बागेत त्यांना तसं शिकवलंय, मार्चमध्ये. तिथं दिलेला सूचनांचा कागद मीच त्यांना वाचून दाखवते. म्हणून तर ते अंघोळही तिकडच्या शेडमध्येच करतात."

एलोइसा दारातच उभी राहिली. जीव भांड्यात पडला, आणि मग राग आला.

"एवढंच होतं, तर मला सांगायला काय झालं? मी काय वेडी वाटले तुम्हाला? मी नसते का धुतले वेगळे? इतकी वर्षं मीच धूत आले ना? गेल्या वर्षी सहावा महिना लागेपर्यंत बादलीत हातानेच तर घासत..."

ती थांबली.

सहाव्या महिन्यातच ते बाळ गेलं होतं. का गेलं, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं.

नायेली एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघत राहिली. तिला काही कळलं नाही. फर्मीनने मशीनचं झाकण लावलं. त्याची मान वर झाली नाही.

"म्हणूनच नाही सांगितलं," तो म्हणाला.