झोपेची वेळ

आमच्या ऑनलाइन बुद्धिबळ अभ्यास गटात हरलेले डावच दाखवायचे आणि आपलं कच्चं काय ते लपवायचं नाही, अशी रीत होती. अमेरिकेतल्या डलूथ शहरातली मार्लिस माझी जोडीदार. माझा तान्हा एमेट दुपारच्या झोपेतून रडत उठला की मला चालच सुचत नाही, हेही मी तिला सांगितलं होतं.

"अगं वेडे, मीही दोन वाढवलीत," ती हसायची. मग दर आठवड्याला विचारायची, "काय म्हणतंय पिल्लू? अजून तीनलाच उठतं ना?"

स्पर्धेसाठी निवडायच्या गटाच्या संघातल्या शेवटच्या जागेसाठी आम्हा दोघींचाच डाव लागला. वेळ आपसात ठरवायची होती. "शनिवारी दोनला खेळू, तो झोपलेला असेल," ती म्हणाली. मला भरून आलं.

माझा डाव वरचढ होता. नेहमी झटपट खेळणारी मार्लिस तीन वाजत आले तरी एकाच चालीवर अडून बसली होती. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून एमेटचं रडणं ऐकू आलं.

कॅमेऱ्यात मार्लिसने मान वर केली आणि लगेच घोडा मागे घेतला. इतकी साधी चाल तिला केव्हाच दिसली असणार.

"खेळ ना, टेसा," ती म्हणाली. "आता तुझं घड्याळ चालू आहे."