काजळाची तीट

“काकू, तुमचं पाकीट नकली निघालं. पैसे परत करा,” फोनवरचं गिऱ्हाईक तावातावानं म्हणालं.

वैजूकाकूंनी कढईखालचा गॅस बंद केला. खेळण्यांचं दुकान मोडल्यावर उरलेली क्रिकेटपटूंच्या कार्डांची सीलबंद पाकिटं त्या ऑनलाइन विकत होत्या. माल अस्सल होता. म्हणजे या पठ्ठ्यानं आत निघालेलं एखादं दुर्मीळ, महागडं कार्ड ढापलं होतं आणि आता तो भलतंच पाकीट त्यांच्या गळ्यात मारणार होता.

“अरे बाळा, पाठव की,” काकूंचा आवाज साखरेत घोळल्यासारखा झाला. “दृष्ट लागू नये म्हणून मी प्रत्येक पाकिटाच्या मागे, खालच्या कोपऱ्यात काजळाची तीट लावते. तेवढी दिसली की पैसे तुझे.”

गिऱ्हाईक जरा घुटमळलं. “हो हो, आहे ना तीट! समोरच दिसतेय.”

पार्सल आलं, तेव्हा काकूंनी मोबाइलवर व्हिडिओ काढतच ते उघडलं. पाकिटाच्या मागे, खालच्या कोपऱ्यात, बारशाच्या बाळाला लावावी तशी टपोरी तीट!

काकूंनी आजवर एकाही पाकिटाला काजळ लावलं नव्हतं. पाठवण्याआधी मात्र त्या प्रत्येक पाकिटाचा मागून-पुढून व्हिडिओ काढून ठेवायच्या, आणि या गिऱ्हाइकाला पाठवलेल्या पाकिटाची पाठ त्यात कोरी होती. दोन्ही व्हिडिओ वेबसाइटच्या तक्रार विभागाकडे गेले आणि पैसे काकूंकडेच राहिले.

मग त्यांनी गिऱ्हाइकाला निरोप धाडला, “तीट झकास जमलीय रे. आता उरलेल्या काजळानं तोंड काळं कर!”