बाकीच्या अकरा भेटी

महिन्यात चार हजार भेटी! आकडा पाहून घड्याळजीकाकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. लंबकाच्या घड्याळांची दुरुस्ती शिकवणारी त्यांची वेबसाइट कुणी वाचत नसेल, तर ती आज कायमची बंद करायचं ठरलं होतं. “हुरळू नका, काका,” पुतणी म्हणाली. “यात बहुतेक बॉट आहेत, माणसं नव्हेत.” ते वगळल्यावर उरल्या पन्नास. “त्यातल्या एकोणचाळीस तुमच्याच. रोज डोकावता ना?” काका ओशाळले, पण उत्सुकता गप्प बसेना. “आणि बाकीच्या अकरा?” “एकाच माणसाच्या, एकाच दिवशी. दहा वेळा ‘लंबक थांबतो तेव्हा’ हेच पान. अकराव्यांदा ‘चालू घड्याळाची निगा’. त्यानंतर पुन्हा फिरकलाच नाही. कंटाळला बिचारा! करू बंद?” काकांनी तिचा हात माउसवरून उचलला. “कंटाळला कसला, वेडे? दुरुस्ती जमली की गिऱ्हाईक फिरकत नाही. बंद घड्याळाची निगा कोण वाचतं?”